वेळ जातो कोठे? : पडद्यावरील मंदपणाचे निदान

काशीच्या ब्रह्मा घाटावरून वर चढणाऱ्या गल्ल्यांत आणि शेजारच्या दुर्गा घाट व पंचगंगा घाट या भागांत महाराष्ट्रातून आलेली घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घर मराठी असो वा हिंदी, या वस्तीत पंचांगावाचून कोणाचे चालत नाही. एकादशी आज की उद्या, वडिलांचे श्राद्ध कोणत्या दिवशी करावयाचे, हे प्रश्न येथे रोजच्या व्यवहाराचे आहेत. हे ध्यानात घेऊन, मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक कल्पित उदाहरण अनुवादकाने या प्रकरणासाठी योजिले आहे. उदाहरण कल्पित असले, तरी त्यात दाखविलेले दोष खऱ्या आज्ञावल्यांत नेहमी आढळणारे आहेत.

समजा, ब्रह्मा घाटावरील एका वाड्यात राहणाऱ्या तरुणाने आपल्या काकांसाठी पंचांगाची एक आज्ञावली लिहिली आहे. संगणकाच्या पडद्यावर एक खिडकी उघडते. तीत सहा ओळी आणि सात स्तंभ, म्हणजे ४२ चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण अशी पाच अंगे पाच ओळींत लिहिलेली असतात. खालची कळ दाबली की पुढील महिना दिसावा, अशी योजना आहे. काका कळ दाबतात आणि पडदा गोठतो. जवळजवळ अडीच सेकंद काहीच घडत नाही. आपली कळ लागली नसावी असे वाटून ते ती पुन्हा दाबतात; मग एकाऐवजी दोन महिने पुढे जातात आणि चुकीच्या महिन्यातील तिथी वाचली जाते. श्राद्धाचा दिवस हुकण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

अडीच सेकंद ही मुदत क्षुल्लक वाटेल. परंतु यंत्राशी संवाद करणाऱ्या माणसाची सहनशक्ती किती असते, याचा विचार रॉबर्ट मिलर या अभ्यासकाने १९६८ सालीच मांडला होता. कळ दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांत सुमारे एकदशांश सेकंदापेक्षा कमी अंतर असेल, तर आपल्याच हाताने ते घडले असे माणसाला वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. सुमारे दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे वळते. पडदा सरकता ठेवावयाचा असेल तर अट याहून कडक होते. बहुतेक पडदे सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगविले जातात. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी आज्ञावलीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. (सेकंदाच्या हजाराव्या भागास मिलिसेकंद म्हणतात.) एवढ्या अवधीत काम उरकले नाही, तर ते चित्र हुकते आणि डोळ्यांना झटका जाणवतो.

येथे चित्रमय आज्ञावलीची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. बहुतेक अशा आज्ञावल्यांत एकच मुख्य फेरा अखंड चालू असतो. कळ दाबली गेली काय, माउस हलला काय, खिडकीचा एखादा भाग पुन्हा रंगवावयाचा आहे काय, असे विचारीत तो फिरत राहतो आणि येईल ते काम एकामागून एक हातावेगळे करतो. दुकानात एकच माणूस गल्ल्यावरही बसतो आणि मालही काढून देतो, तसा हा प्रकार आहे. तो माल शोधण्यास आत गेला की गल्ल्यासमोरची रांग खोळंबते. काकांना पडदा गोठल्यासारखा दिसला तो याचमुळे. संगणक बंद पडला नव्हता. तो आत काहीतरी करीत होता. प्रश्न एवढाच, की काय करीत होता?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते, आणि येथेच खरा धोका आहे. काका म्हणतील, यंत्र जुने झाले, नवे घ्या. शेजारी म्हणतील, स्मृती वाढवा. स्वतः तो तरुण म्हणेल, सूर्यचंद्रांचे गणितच अवघड आहे. ४२ दिवसांची गणिते करावयाची म्हणजे वेळ लागणारच. तिन्ही उत्तरे समंजस वाटतात. तिसरे तर फारच पटते, कारण त्याला आपल्याच परंपरेचा मोठा आधार आहे.

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. त्याचा गणितारंभ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आहे. या ग्रंथाचे प्रयोजन त्याच्या नावातच आहे : ग्रहगणित हलके करणे. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ज्या आणि चाप यांची किचकट आकडेमोड पदोपदी करावी लागे. गणेश दैवज्ञांनी ती सर्वस्वी टाळली आणि तिच्या जागी साध्या गुणाकार-भागाकारांनी होणाऱ्या रीती दिल्या. दुसरी युक्तीही तितकीच मार्मिक होती. ग्रंथारंभापासून गेलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, दर वर्षी वाढतच जाते आणि मोठ्या संख्येचे गुणाकार त्रासदायक होतात. म्हणून त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पिले. चक्रे वेगळी मोजली की उरलेला अहर्गण त्या मर्यादेतच राहतो. त्यांचे शिष्य गोदावरीतीरावरील गोळग्रामचे दिवाकर. दिवाकरांच्या वंशातील ज्योतिषी पुढे काशीस येऊन राहिले, आणि मल्लारी व विश्वनाथ या त्यांच्या पुत्रांनी ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिल्या. हातांनी गणित करणाऱ्या पंचांगकर्त्याचा वेळ कोठे जातो, हे गणेश दैवज्ञांना अचूक ठाऊक होते, कारण ते गणित ते स्वतः करीत. ज्याचाप हेच ते ठिकाण, आणि तेथेच त्यांनी घाव घातला.

परंतु या लाघवाची किंमतही होती. स्थूल रीतींतील लहान चुका शतकांच्या ओघात साचत गेल्या, आणि पंचांगातील गणित व आकाशातील प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर पडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आणि काशीत, शासकीय संस्कृत महाविद्यालयात शिकविणाऱ्या बापूदेव शास्त्री यांनी पंचांगशोधनाची बाजू उचलून धरली, ती या अंतरामुळेच. बापूदेवही मूळचे महाराष्ट्रीय होते, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

आपल्या तरुणाने तिसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवला, तर तो काय करील? सूक्ष्म गणित काढून टाकून त्याच्या जागी स्थूल रीत घालील. सूर्य आणि चंद्र यांतील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते. हे अंतर तासाला सुमारे अर्ध्या अंशाने वाढते. म्हणजे त्यात एकदशांश अंशाची चूक झाली, तर तिथी संपण्याची वेळ सुमारे बारा मिनिटांनी चुकते. तिथीची समाप्ती सूर्योदयाच्या आसपास असेल, तर एवढ्यावरून पुष्कळ व्रतांचा दिवस बदलू शकतो. वेग मिळविण्यासाठी अचूकपणा विकावयाचा असेल, तर निदान बदल्यात वेग पदरात पडतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. तो पाहण्याच्या साधनाला ‘प्रोफाइलर’ म्हणतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द घडविता येईल. परंतु जे घडविले ते एकतर संस्कृताच्या ओझ्याने वाकलेले वाटले, किंवा भलताच अर्थ सुचविणारे. म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.

प्रोफाइलरच्या दोन जाती आहेत. पहिली जात आज्ञावलीच्या प्रत्येक लहान विभागाच्या, म्हणजे प्रत्येक फंक्शनच्या, दारात जणू एक कारकून बसविते. आत कोण गेले, कोणी पाठविले, केव्हा बाहेर आले, याची तो नोंद करतो. मोजणी बिनचूक होते. परंतु कारकुनाच्या लिहिण्यासही वेळ लागतो. जी फंक्शने अगदी लहान असून लाखो वेळा बोलावली जातात, त्यांचा कारभार या नोंदींमुळेच फुगतो आणि चित्र विकृत होते. दुसरी जात नमुना घेणारी. ती दारात कोणासही बसवीत नाही. ठराविक अंतराने, समजा दर मिलिसेकंदास एकदा, ती आज्ञावलीस क्षणभर थांबविते आणि ‘या क्षणी तू कोठे आहेस, आणि तुला तेथे कोणी पाठविले?’ एवढेच विचारते. उत्तरादाखल हाकांची सगळी साखळी मिळते : मुख्य फेऱ्याने खिडकीस बोलावले, खिडकीने चौकोनास, चौकोनाने अक्षरे लिहिणाऱ्यास. असे हजारो नमुने गोळा झाले की ज्या ठिकाणी वेळ अधिक जातो, ते ठिकाण अधिक वेळा सापडते. हजार नमुन्यांपैकी शंभर एका फंक्शनमध्ये सापडले, तर त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या जवळपास आहे, फार तर एकदोन टक्के इकडेतिकडे, असे संख्याशास्त्र सांगते. एवढी अचूकता निदानास पुष्कळ झाली.

मापनाची ही दृष्टी रूढ होण्यास डोनाल्ड क्नूथ यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध मोठ्या प्रमाणात कारण झाला. लोक प्रत्यक्षात कशा आज्ञावल्या लिहितात, हे पाहावयाचे म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान भाषेतील आज्ञावल्या जमविल्या. त्यासाठी गणनकेंद्रातील कचऱ्याच्या टोपल्याही धुंडाळल्या. त्यांना असे दिसून आले की साधारणतः आज्ञावलीच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात तिचा निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. ज्या साधनाने त्यांनी ही मोजणी केली, ते साधन त्यांनी स्वतःवरच चालवून पाहिले, तेव्हा त्याचाही अर्ध्याहून अधिक वेळ दोन आवर्तनांत जात असल्याचे आढळले, आणि थोड्या दुरुस्तीने त्याचा वेग दुप्पट झाला. साधन बनविणाऱ्यासही आपल्या साधनाचा वेळ कोठे जातो, हे मोजल्यावाचून कळले नव्हते!

आता तरुणाच्या आज्ञावलीकडे वळू. नमुने घड्याळी वेळेनुसार घेतले, म्हणजे आज्ञावली गणित करीत असो वा डिस्कची वाट पाहत थांबलेली असो, दोन्ही अवस्था मोजल्या. हे महत्त्वाचे आहे; कारण काही प्रोफाइलर केवळ प्रक्रियकाचा वेळ मोजतात आणि वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यांच्या हिशेबी येतच नाही. कळ दाबल्यापासून महिना दिसेपर्यंत २४०० मिलिसेकंद गेले आणि २४०० नमुने मिळाले. त्यांपैकी सूर्यचंद्रांच्या गणितात सापडले अवघे १४४, म्हणजे सहा टक्के. अक्षरे रंगविण्यात १९२०, म्हणजे ऐंशी टक्के. राहिलेले ३३६ नमुने डिस्कवरील एक फाइल वाचण्याच्या प्रतीक्षेत सापडले.

म्हणजे स्थूल रीत घालून गणिताचा वेळ शून्यावर आणला असता, तरी २४०० चे २२५६ झाले असते. काकांना फरक जाणवला नसता, आणि तिथी मात्र चुकू लागल्या असत्या. एखाद्या भागाची सुधारणा त्या भागाच्या वाट्याहून अधिक लाभ देऊ शकत नाही, ही गोष्ट जीन अॅमडाल यांनी १९६७ साली समांतर संगणनाच्या संदर्भात मांडली होती; ती येथेही तंतोतंत लागू पडते.

अक्षरे रंगविण्यास एवढा वेळ का लागावा? देवनागरी पडद्यावर उमटविणे हे रोमन लिपीहून कष्टाचे काम आहे, यात शंका नाही. ‘र्कि’ हे एक अक्षर घ्या. स्मृतीत ते र, हलन्तचिन्ह, क आणि ऱ्हस्व इकार अशा क्रमाने साठविलेले असते. पडद्यावर मात्र इकार डावीकडे न्यावा लागतो आणि रकाराचा रफार करून तो माथ्यावर चढवावा लागतो. १९८० च्या दशकात हे काम सामान्य संगणकांस इतके जड होते, की कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे आदींनी विकसित केलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र एका स्वतंत्र कार्डाच्या रूपाने संगणकात बसवीत. लिपीची जुळणी ते कार्डच करी. आजचा प्रक्रियक हे काम स्वतः सहज करतो. तेव्हा दोष लिपीच्या माथी मारून मोकळे होणे बरोबर नाही.

येथे प्रोफाइलरच्या अहवालाचे वाचन कसे करावे, हा प्रश्न येतो, आणि नवशिका बहुधा येथेच फसतो. अहवालात प्रत्येक फंक्शनसमोर दोन आकडे असतात : त्याने स्वतः खर्च केलेला वेळ, आणि त्याने बोलाविलेल्या सर्वांसह एकूण वेळ. स्वतःच्या वेळेची यादी पाहिली, तर वरच्या बाजूस अक्षरजुळणी, फाँटचा शोध, स्मृतीची मागणी अशी दहावीस लहान फंक्शने विखुरलेली दिसतात. त्यांतील एकही मोठा अपराधी वाटत नाही, आणि बहुतेक तर दुसऱ्याच कोणी लिहिलेली, आपल्या हातातील नव्हेत. १९८२ साली बर्कले विद्यापीठात सुसान ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि कर्क मॅकुसिक यांनी ‘जीप्रोफ’ हे साधन सादर केले, ते नेमक्या याच अडचणीवर. लहान फंक्शनांचा वेळ त्यांना बोलाविणाऱ्यांच्या खाती टाकीत ते वर वर चढत जाते. पुढे २०११ साली ब्रेंडन ग्रेग यांनी याच साखळ्या एकावर एक रचून ज्वालांसारखा दिसणारा आलेख काढण्याची रीत काढली. तीत जो पट्टा रुंद, तेथे वेळ अधिक, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

साखळी धरून वर गेल्यावर तरुणास दिसले, की सगळे रंगकाम एका जागेकडून येते : चौकोन भरणाऱ्या आवर्तनाकडून. मग त्याने पहिल्या जातीचा प्रोफाइलर लावून केवळ गणती केली, कारण किती वेळा हे नमुने सांगत नाहीत. ४२ चौकोनांत पाच-पाच ओळी, म्हणजे २१० ओळी रंगविल्या जाणे अपेक्षित होते. गणती आली ८८२०. भागाकार करून पाहा : ८८२० म्हणजे २१० ची ४२ पट. एक चौकोन भरला की संपूर्ण खिडकी पुन्हा रंगवा, अशी आज्ञा प्रत्येक चौकोनाबरोबर सुटत होती. भिंतीस एक खिळा ठोकावा आणि प्रत्येक खिळ्यानंतर घरभर रंग द्यावा, तसे हे झाले. ती आज्ञा आवर्तनाबाहेर, सर्व चौकोन भरल्यावर एकदाच द्यावयाची, एवढाच फरक केला. एका ओळीस सुमारे ०.२२ मिलिसेकंद लागत असल्याने २१० ओळींचे काम ४६ मिलिसेकंदांत आटोपले.

उरलेल्या ३३६ नमुन्यांची कथा याहून साधी. सणांची यादी असलेली फाइल प्रत्येक चौकोनासाठी नव्याने उघडली जात होती. ४२ वेळा, दर वेळी आठ मिलिसेकंद. ती एकदाच वाचून स्मृतीत ठेविली.

असे दोष केवळ हौशी माणसाच्या हातून होतात, असे समजू नये. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या जगप्रसिद्ध खेळाची संगणकावरील आवृत्ती २०१५ साली आली. तिचा आंतरजालावरील भाग सुरू होण्यास कित्येक मिनिटे लागत, आणि खेळ थोर आहे, सामान पुष्कळ आहे, तेव्हा वेळ लागणारच, असे सर्वांनी मानून घेतले होते. २०२१ साली एका वापरकर्त्याने, मूळ आज्ञावली हाती नसताना, नमुना घेणारा प्रोफाइलर लावून पाहिले. सुमारे दहा मेगाबाइटांची, ६३ हजार नोंदींची एक यादी वाचताना, प्रत्येक लहान तुकड्यासाठी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी पुन्हा पुन्हा मोजली जात होती. त्यानंतर प्रत्येक नवी नोंद आधीच्या सर्व नोंदींशी एकेक करून ताडून पाहिली जात होती; ६३ हजार नोंदींच्या अशा तुलना सुमारे १९८ कोटी होतात. यादीत पुनरावृत्त नोंदी नव्हत्याच! हे दोन दोष दूर केल्यावर सहा मिनिटांचा अवधी एक मिनिट पन्नास सेकंदांवर आला. निर्मात्यांनी निदान मान्य केले, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दुरुस्ती प्रसृत केली आणि शोधकास दहा हजार डॉलर दिले. लक्षावधी लोक ती मिनिटे वर्षानुवर्षे सोसत आले होते. प्रत्येकाचे कारण ठरलेले होते, मोजले कोणी नव्हते.

आपल्या उदाहरणात आता एकूण वेळ १४४, ४६ आणि ८ मिळून १९८ मिलिसेकंद उरला. गंमत अशी, की गणिताचा वाटा आता सहा टक्क्यांवरून जवळजवळ त्र्याहत्तर टक्क्यांवर गेला. गणित एका क्षणानेही मंद झालेले नाही. भोवतालचे ओझे उतरले म्हणून ते उघडे पडले. प्रत्येक दुरुस्तीनंतर मापन नव्याने करावे लागते, ते यासाठी. जुना अहवाल हाती धरून पुढची दुरुस्ती करणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाची एकादशी धरणे होय.

मग आता तरी गणेश दैवज्ञांची वाट धरावी काय? त्यांच्यापाशी स्मृती म्हणजे स्वतःचे पाठांतर आणि कागद, आणि गणकही ते स्वतःच. संगणकाची गोष्ट निराळी आहे. काका या महिन्यातील तिथ्या वाचीत असतात, तेव्हा तो रिकामाच बसलेला असतो. त्या रिकाम्या वेळात मागील आणि पुढील महिन्याचे सूक्ष्म गणित करून ठेवावे. कळ दाबली की तयार आकडे रंगवावयाचे तेवढे राहतात, आणि त्यास ५४ मिलिसेकंद पुरतात. गणित तेवढेच सूक्ष्म राहिले आणि तिथीस धक्का लागला नाही. मात्र हे गणित मुख्य फेऱ्यात न करता वेगळ्या धाग्यात केले पाहिजे, नाहीतर ते चालू असताना कळ दाबली गेल्यास पुन्हा तोच खोळंबा होईल.

मापनात आणखी दोन ठिकाणी सावध राहावे लागते. आज्ञावली दुसऱ्यांदा चालविली की ती पहिल्यापेक्षा वेगवान भासते, कारण डिस्कवरील फाइली एव्हाना स्मृतीत आलेल्या असतात. तेव्हा पहिल्या आणि नंतरच्या फेऱ्यांचे आकडे वेगळे लिहावेत, आणि नंतरच्या अनेक फेऱ्यांतील मधला आकडा घ्यावा. दुसरे असे, की आज्ञावली लिहिणाऱ्याचे यंत्र बहुधा वापरणाऱ्याच्या यंत्राहून नवे असते. तरुणाने आपल्या यंत्रावर ५४ मिलिसेकंद मोजले, म्हणून वाड्यातील माडीवर काकांच्या मेजावर असलेल्या जुन्या संगणकावरही तेवढेच लागतील, असे नाही. तेथे जाऊन, वीज नुकतीच परत आलेली असताना, यंत्र नुकतेच चालू करून, काकांनाच कळ दाबावयास सांगून पुन्हा नमुने घ्यावे लागतील. त्या पहिल्या फेऱ्यात पुढचा महिना तयार असणार नाही आणि सणांची फाइलही थंड असेल. तो आकडा वेगळ्या रकान्यात लिहावयाचा.